पात्यांना तेल चालत नाही

मिलिंद,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. विहाराचा हॉल भरला होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. तुझ्या ऑफिसातले साहेब बोलले, जुन्या चाळीतले शेजारी बोलले. मग माईक माझ्या हातात आला. मी म्हटलं, "मिलिंद माझा दीर नव्हता, मुलगाच होता," आणि तिथेच अडकले. लोकांना वाटलं, रडू आलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. रडू आलं होतं हे खरं, पण मी अडकले ते त्यामुळे नाही. पुढचं जे वाक्य तोंडात आलं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं, आणि तू नाहीस. म्हणून लिहिते आहे. ब्लाउजांची मापं लिहायची वही आहे, चालवून घे.

मी लग्न होऊन लोअर परळच्या चाळीत आले तेव्हा तू दहावीत होतास. दुसऱ्याच दिवशी नळावर माझ्या हातातली बादली ओढून घेतलीस आणि म्हणालास, "वहिनी, इथे माणूस नाही उभा राहत लायनीत. बादली उभी राहते. तू घरी जाऊन चहा पी." तेव्हापासून तू माझा. तुझा दादा पहिल्यापासून अबोल, त्यामुळे घरात माझी बाजू घेणारा तूच. मी घरी शिवणकाम सुरू करते म्हटल्यावर आईंनी नाक मुरडलं, तर तू सरळ त्यांना विचारलंस, "आई, तू एवढी वर्षं मिलमध्ये मशीनवर उभी राहिलीस, मग हिने घरात मशीनवर बसलं तर काय बिघडलं?" आई गप्प झाल्या. आई गप्प होणं ही तेव्हा चाळीत बातमी होती.

मशीन आली तशी तिच्याबरोबर लांब नाकाची तेलाची कुपीही आली. माझा स्वभाव तुला ठाऊक. काही अडलं, कुरकुरलं की माझे हात शिवशिवतात. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, कपाटाच्या कड्या, आईंची ट्रंक, सगळ्यांना मी तेल पाजलं. शेजारणी आपले अडकित्ते नि कात्र्या घेऊन यायच्या. तू चिडवायचास, "दादा, फार कुरकुर करू नकोस हां, वहिनी तुलाही दोन थेंब घालेल." दादाही हसायचा. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

नोकरी लागल्यावर तू दादरला संध्याकाळच्या फोटोग्राफीच्या क्लासला जायला लागलास. तिथे तुला खोताच्या वाडीतला डॉमनिक भेटला. मग काय, आठवड्याचे सात दिवस डॉम आणि डॉम. सेकंडहँड कॅमेरा तुझा, पण तो तुझ्यापेक्षा जास्त त्याच्याच गळ्यात. नाताळात त्याच्या आईच्या हातचं जेवून यायचास आणि आमच्याकडे सुक्या बोंबलाची चटणी असली की त्याला बोलावून आणायचास. जेवताना दोघांचं एकच, नोकरी सोडायची आणि फक्त फोटो काढायचे. आई म्हणायच्या, "आणि खायचं काय, फोटो?" मला मात्र खरंच वाटायचं की तू सोडशील. तुझ्या हातात काहीतरी होतं. माझ्या मुलीचा दारात बसून पेरू खातानाचा तुझा फोटो अजून आहे, त्यात पेरूसुद्धा जिवंत वाटतो.

आता ते सांगते.

वैशाखातला रविवार होता. डॉमने चुलतभावाच्या लग्नासाठी कॅमेरा नेला होता, तो द्यायला सकाळी आला. तू घरी नव्हतास. माझ्या हातात कॅमेरा ठेवून चहासुद्धा न घेता गेला. लेन्सवरची एक रिंग महिनाभर कुरकुरत होती. तूच मला दाखवली होतीस, उजेड कमीजास्त करायची रिंग, "बघ ना वहिनी, रेती गेल्यासारखी फिरते." दुपारी हातातलं काम संपलं, कुपी समोर होती, कॅमेरा समोर होता. मी कुपीचं नाक रिंगच्या फटीला लावलं आणि दोन थेंब सोडले. समाधान झालं नाही म्हणून तिसरा. रिंग अशी फिरायला लागली की बोट लावायचा अवकाश. वरचं तेल फडक्याने पुसलं आणि कॅमेरा खुंटीला लावला.

संध्याकाळी तू आलास, रिंग फिरवून बघितलीस आणि ओरडलास, "अरे, मोकळी झाली!" मी भाकऱ्या थापत होते. "डॉम देऊन गेला सकाळी," एवढंच म्हणाले. म्हटलं, नंतर सांगू, शाबासकी घेऊ. मग तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ते डोक्यातून निघून गेलं. यात लपवाछपवी काही नव्हती रे. एवढं तरी तू खरं मान.

चारच दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. आईंनी जन्मात कधी हौसेने फोटो काढून घेतला नव्हता. "माझ्या थोबाडाचा काय फोटो काढायचा?" हे त्यांचं ठरलेलं. त्या दिवशी मात्र नवी पांढरी साडी नेसल्या, अंबाड्यात मोगरा घातला आणि आपणहून म्हणाल्या, "काढ बाबा तुझा फोटो एकदाचा." विहारासमोरच्या मैदानात तू त्यांना उभं केलंस. ऊन नुसतं मी म्हणत होतं. तू मला सांगितलंस, "साडी पांढरी, त्यात हे ऊन. उजेडाचं छिद्र एकदम बारीक ठेवावं लागणार." किती जपून काढत होतास तू! मापं घेत होतास, पुन्हा रिंग बघत होतास. एक अख्खा रोल तू आईंवर संपवलास. मध्येच आईंना हसू फुटलं, खालचा दात पडलेला, तोंडावर हात न घेता हसल्या. मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली, तसं हसताना त्यांना मी तेवढंच पाहिलं.

रोल धुऊन आला तेव्हा तू दारातच उभा राहिलास, आत आला नाहीस. लॅबवाला म्हणाला होता, उजेड जास्त गेला, निगेटिव्ह काळी ठिक्कर पडली आहे. फोटोत साडी आणि ऊन एक झालं होतं, आणि आईंचा चेहरा म्हणजे डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग. आईच तुला म्हणाल्या, "असू दे रे, पुढच्या बुद्धपौर्णिमेला काढ." पुढची बुद्धपौर्णिमा त्यांनी पाहिली नाही. श्रावणात गेल्या. मिलच्या पासावरचा टिकलीएवढा फोटो स्टुडिओत मोठा करून आणला, स्टुडिओवाल्याने डोळे नि भुवया काळ्या रंगाने गडद केल्या. तोच आजही भिंतीवर आहे. "ही माझी आई नाही," असं तू दर वर्षी हार घालताना म्हणायचास.

त्यानंतर तू आणखी चारपाच रोल काढून बघितलेस. घरातले, काळोखातले फोटो बरे यायचे आणि उन्हातले सगळे जायचे. एक दिवस कॅमेरा ट्रंकेत ठेवलास. मला म्हणालास, "वहिनी, मला ऊन कळत नाही. ज्याला ऊन कळत नाही त्याने फोटो काढू नयेत." मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "जाऊ दे, सगळ्यांनाच सगळं येत नाही." या तोंडाने म्हणाले. तू ऑफिसला जात राहिलास, आणि पुढे तुझं आणि डॉमचं नोकरी सोडायचं बोलणं आपोआप बंद झालं.

पुढची वीसेक वर्षं मला काहीच माहीत नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही, जे झालं ते लिहिते आहे. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि आवराआवरीत ट्रंकेतला कॅमेरा निघाला. तू तो गिरगावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेलास. संध्याकाळी आलास तेव्हा लेन्स वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि तुझा चेहरा काहीतरीच झाला होता. चपला न काढता माझ्या मशीनच्या टेबलाशी बसलास.

"वहिनी, इकडे बघ. आत सहा पाती आहेत बारीक. एकावर एक चढलेली."

मी चष्मा लावला. मला कळेना, म्हणून तू माझा बटवा घेतलास आणि त्याची दोरी ओढून दाखवलीस. तोंड चहूबाजूंनी मिटत मधोमध येतं, तशी ती पाती मिटतात आणि मध्ये बारीक भोक उरतं. रिंग फिरवून आपण फक्त ठरवायचं की किती मिटायचं.

"पण फोटो काढायच्या आधी ती मिटत नाहीत. आपल्याला आतून लख्ख दिसावं म्हणून उघडीच असतात. बटण दाबलं की तेवढ्यापुरती टकन् मिटतात, फोटो होतो, परत उघडतात. डोळ्यातली बाहुली करते तेच, फक्त हे एका झटक्यात. आता बघ."

तू लेन्सच्या मागचा छोटा दांडा नखाने ढकललास. पाती आली, पण पेंगुळल्यासारखी, एक एक करत.

"तेल. म्हातारबाबा म्हणाले, पात्यांना तेल चालत नाही, ती कोरडीच चालली पाहिजेत. कुणीतरी रिंगमध्ये तेल सोडलंय. उन्हाळ्यात पातळ होऊन आत उतरलं आणि पाती चिकटली. मी बघायचो तेव्हा सगळं बरोबर दिसायचं. बटण दाबलं की पाती मिटेमिटेपर्यंत फोटो होऊन गेलेला. आणि छिद्र जेवढं बारीक ठेवावं तेवढं त्यांना लांब जावं लागतं. म्हणून उन्हातले गेले. आईचा सगळ्यात जास्त गेला, कारण मी सगळ्यात बारीक ठेवलं होतं." मग म्हणालास, "मला ऊन कळत होतं, वहिनी."

माझ्या हातात कुणाचातरी ब्लाउज होता. मी त्याची बाही बघत बसले.

"डॉमने घातलं," तू म्हणालास. "त्याच्याकडून आला आणि रिंग मोकळी झाली. तूच सांगितलंस ना तेव्हा, डॉम देऊन गेला म्हणून?"

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ सांगते, उघडलं होतं. पण तू उठून गॅलरीत गेलास आणि फोन लावलास. "साल्या, माझ्या आईचा फोटो खाल्लास तू," हे मला आत ऐकू आलं. डॉम पलीकडून नाही नाही म्हणत असणार, कारण तू ओरडत होतास, "मग काय आभाळातून पडलं तेल?" फोन ठेवून तू आत आलास. मी तुला पाणी दिलं. पाणी दिलं, मिलिंद. एवढंच केलं.

का नाही बोलले, हे मी स्वतःला बारा वर्षं विचारते आहे. तू मला मारणार नव्हतास, घराबाहेर काढणार नव्हतास. मला भीती होती ती तुझ्या नजरेची. नळावर माझी बादली धरलीस तेव्हापासून तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतास ती बदलेल, याची. आणि एक दिवस गप्प बसलं की दुसरा दिवस आणखी जड होतो. पहिल्या दिवशी मला फक्त तेलाचं सांगायचं होतं. आठवड्यानंतर तेलाचं आणि गप्प बसल्याचं. वर्षानंतर तर डॉमचं तुटलेलं नातंही त्यात आलं.

एकदा मी सुरुवात केली होती. नाताळात डॉमचं कार्ड आलं, तू ते न उघडता टीव्हीवर ठेवलंस. मी म्हटलं, "मिलिंद, ते तेल..." तू म्हणालास, "त्या माणसाचं नाव काढू नकोस या घरात." मी नाव काढलं नव्हतं. मी माझंच काहीतरी सांगत होते. पण तू तसं म्हणालास आणि मला मनातून बरं वाटलं, जसं काही तूच मला गप्प बसायची परवानगी दिलीस. लाज वाटते हे लिहिताना. पण आता तुझ्यापासून काय लपवू?

मग तुझं दुखणं आलं. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. त्या दिवशी मी बाहेर येऊन डॉमला फोन केला. तुला विचारलंसुद्धा नाही. तो दुसऱ्याच दिवशी आला, गुडघे धरत, हातात केळी. मी ठरवलं होतं की दोघांना समोरासमोर बसवायचं आणि सगळं ओकून टाकायचं. तेवढ्यात नर्सने औषधांची चिठ्ठी हातात दिली. खाली काउंटरवर ही रांग. परत आले तर तुझा हात डॉमच्या हातात होता. दोघांचे डोळे लाल आणि दोघं हसत होतात. तू म्हणालास, "वहिनी, याला चहा पाज गं. फुकट आलाय एवढ्या लांबून."

मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगते, माझ्या मनात आलं की मिटलं आपोआप, आता कशाला उकरायचं. आजारी माणसाला कशाला त्रास, असंही स्वतःला समजावलं. चहा आणायला गेले. माझ्यासाठीही एक घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी तू गेलास. डॉक्टरांनी तुझी पापणी वर करून टॉर्च मारला. मी वाकून बघत होते. तू शिकवलेलं मला तेवढं कळत होतं. बाहुली हलली नाही. डॉक्टरांनी काही बोलायच्या आधीच मी दादाचा हात धरला.

आता परवाचं. कार्यक्रम संपला, खीर वाटली, लोक पांगायला लागले. हॉलमध्ये मुली खुर्च्या एकात एक घालत होत्या. डॉम एका खुर्चीवर तसाच बसून होता, द्रोण हातात, खीर न खाता. मी शेजारी बसले.

तो म्हणाला, "वहिनी, एक सांगू? रागावू नका. त्या दिवशी तुम्ही औषधं आणायला गेल्या ना, तेव्हा त्याने मला परत विचारलं. डॉम, तेल तूच घातलेलंस ना? आणि मी बोललो, हो."

"हो?"

"मग काय बोलू, वहिनी? मी नव्हतं घातलं. आईशप्पथ. पण तो एवढासा झालेला त्या खाटेवर. बारा वर्षं नाही नाही बोललो, काय मिळालं? म्हटलं, त्याला हो पायजे तर हो. मी बोललो, मीच घातलं, मला अक्कल नव्हती, माफ कर. तर तो रडायलाच लागला. बोलला, एवढंसं बोलायला बारा वर्षं लावलीस, गाढवा? पहिल्याच दिवशी बोलला असतास तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. जाऊ दे, आईने पण तुला चहाच दिला असता."

जे वाक्य त्या माईकवर माझ्या घशात अडकलं होतं, ते तिथे, त्या रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये बाहेर पडलं. "डॉम, तेल मी घातलं होतं."

मी सगळं सांगितलं. रविवार सांगितला, कुपी सांगितली, तिसरा थेंबही सांगितला. मला वाटलं होतं की तो उठून जाईल. त्याला हक्क होता. बारा वर्षं त्याने माझी शिवी खाल्ली होती. पण तो बसूनच राहिला. मग त्याने विचारलं, "वहिनी, मग मी त्याला हो बोललो, ते बरं केलं का वाईट?"

तू शांतपणे गेलास, हे त्याने दिलं तुला, आणि ते खोटं होतं. मी गप्प बसले नसते तर त्याला ते खोटं बोलायची पाळीच आली नसती. मी पदराने तोंड पुसत बसले.

उठताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. वयाने माझ्याहून लहान माणूस, पण ठेवला. म्हणाला, "तो जे बोलला ना, जाऊ दे, ते तुमचं होतं, वहिनी. चुकून माझ्याकडे आलं. तुम्ही घ्या." आणि गुडघे धरत जिना उतरून गेला.

कालपासून मी ते घ्यायचा प्रयत्न करते आहे. तुझ्या आवाजात मनात म्हणून बघते, "जाऊ दे, वहिनी." होत नाही रे. कारण तू ते डॉमला म्हणालास. मित्राला माफ करणं सोपं असतं. मी तुझ्या घरात, तुझ्या समोर बसून, तुझ्या ताटात वाढत गप्प बसले होते. मला तू 'जाऊ दे' म्हणाला असतास की उठून गेला असतास, हे मला माहीत नाही. एवढी वर्षं तुला ओळखते म्हणते, आणि हे एवढं मला माहीत नाही. सांगू शकणारा एकच माणूस होता.

तुझी,
वहिनी